छिन्नीच्या खुणा आणि उत्पत्तीचा चौथा अध्याय

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. प्राचीन संस्कृतींमध्ये प्रगत तंत्रज्ञान होते काय, आणि असल्यास त्यावरून देवाच्या निर्मितीविषयी काही सिद्ध होते काय, असे त्यांचे सार आहे. म्हणून यावेळी विवाह, उपवास आणि दशमांश यांविषयीचे प्रश्न बाजूला ठेवून सर्व जागा या एकाच विषयाला दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत फिरत आहे. तिच्यात वेरूळचे कैलास लेणे, गिझाचा पिरॅमिड, बगदादची ‘बॅटरी’ आणि इजिप्तमधील दंडेरा येथील मंदिराच्या भिंतीवरचा ‘विजेचा दिवा’ दाखवून असे म्हटले आहे की, प्राचीन माणूस आपल्याहून प्रगत होता, म्हणून उत्क्रांतिवाद खोटा आणि बायबलमधील उत्पत्तीचे पुस्तक खरे. सुट्टीतील बायबल शाळेत ही चित्रफीत मुलांना दाखवावी, असा काहींचा आग्रह आहे. आपले मत कळवावे. (तरुण संघाचे चिटणीस, ठाणे)

उत्तर : दाखवू नये. माझी श्रद्धा डळमळीत झाली म्हणून हे सांगत नाही. आकाश व पृथ्वी देवाने उत्पन्न केली आणि मनुष्याला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे घडवले, हे मी गिरगावातल्या शब्बाथ शाळेत शिकलो आणि सत्तरी ओलांडल्यावर आजही तेच मानतो. परंतु आयुष्याची चौतीस वर्षे मी भांडुपच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली असल्याने, अमुक वस्तू हाताने होणे शक्यच नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले की माझे लक्ष प्रथम त्या सांगणाऱ्याच्या तळहातांकडे जाते. तेथे घट्टे पडलेले मला आजवर दिसलेले नाहीत.

एकेक वस्तू पाहू. बगदादजवळ खुजुत रबू येथे १९३६ साली सापडलेले ते मातीचे भांडे, त्यातील तांब्याची नळी आणि नळीतील लोखंडी सळई यांत व्हिनेगर ओतल्यास अल्पसा विद्युतदाब मिळतो, हे खरे आहे. पण तो लिंबात तांब्याची तार आणि खिळा खुपसला तरी मिळतो. त्या भांड्यासोबत ना तारा सापडल्या, ना विजेवर चालणारी एखादी वस्तू. शिवाय त्याचे तोंड डांबराने बंद केलेले होते, म्हणजे रस बदलण्याची सोय नव्हती. लिहिलेल्या गुंडाळ्या जपून ठेवण्याचे ते पात्र असावे, हा पुरातत्त्वज्ञांचा तर्क त्या मानाने फार साधा आणि म्हणूनच अधिक पटणारा आहे. दंडेरा येथील शिल्पाची गंमत तर याहून मोठी आहे. तेथे कोरलेला ‘दिवा’ म्हणजे कमळाच्या फुलातून प्रकट होणारा सर्प असून तो प्राचीन इजिप्तमधील सृष्टीच्या आरंभाच्या कथेचा भाग आहे. म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकाचे समर्थन करण्यासाठी आपण मुलांना अनवधानाने दुसऱ्याच धर्माची निर्मितीकथा दाखवणार.

पिरॅमिडच्या बाबतीत तर बांधणाऱ्यांचेच कागद आपल्या हाती आहेत. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे २०१३ साली पपायरसचे तुकडे सापडले. त्यांत मेरेर नावाच्या एका अधिकाऱ्याची रोजनिशी असून, गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाच्या कारकिर्दीच्या अखेरच्या काळात तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेत घालून गिझाला कसे पोचवले, याच्या दिवसवार नोंदी तिच्यात आहेत. मजुरांची वस्ती, त्यांच्या भट्ट्या, त्यांनी खाल्लेल्या गुरांची हाडे आणि त्यांची थडगी हे सारे पिरॅमिडच्या जवळच उत्खननात मिळाले आहे. आणि माझ्यासारख्या कामगाराला यापेक्षाही बोलका वाटणारा पुरावा अस्वान येथील खाणीत आडवा पडला आहे: सुमारे ४२ मीटर लांबीचा, हजार टनांहून अधिक वजनाचा एक स्तंभ, जो खडकातून सोडवत असतानाच त्याला तडा गेला आणि काम तेथेच टाकून द्यावे लागले. त्याच्या बाजूंना कठीण दगडाचे गोळे आपटून आपटून खडक झिजवल्याच्या खळग्यांच्या ओळी अजून स्पष्ट दिसतात. ज्याच्यापाशी खडक लोण्यासारखा कापणारे यंत्र असते, तो दगडाने दगड ठेचत बसत नाही.

कैलास लेण्याविषयी आपण मराठी माणसांनी तरी परकीय चित्रफितींच्या नादी लागू नये. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, बसाल्टच्या डोंगरात वरून खाली खोदत नेलेले हे मंदिर आहे. वरून खोदल्यामुळे परांची बांधावी लागत नाही आणि काढलेला दगड उतारावरून हटवता येतो, ही त्यातील खरी युक्ती होय. त्याच घराण्यातील कर्क राजाच्या नवव्या शतकातील बडोदा ताम्रपटात या मंदिराचा उल्लेख असून, त्यात असे वर्णन आहे की, काम पुरे झाल्यावर ते करणारा शिल्पी स्वतःच थक्क झाला आणि हे आपल्या हातून कसे घडले, असे म्हणाला. त्या शिल्प्याचे ते आश्चर्य त्याच्याकडून काढून घेऊन परग्रहावरच्या पाहुण्यांना, किंवा जलप्रलयापूर्वीच्या एखाद्या हरवलेल्या यंत्राला, बहाल करण्याचा आपल्याला काय अधिकार?

आता चित्रफितीचा मुख्य युक्तिवाद. प्राचीन लोक बुद्धिमान होते, हे उत्क्रांती मानणारे शास्त्रज्ञ नाकारतात अशी तिची समजूत दिसते. ते तसे काहीही म्हणत नाहीत. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे सापडलेले आपल्याच जातीच्या मानवाचे अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत, असे ते मानतात. त्या हिशेबाने पिरॅमिड बांधणाऱ्याचा मेंदू आणि आपला मेंदू यांत काही फरक असण्याचे कारणच उरत नाही. म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याइतकाच हुशार होता, हे निर्मितिवादी आणि उत्क्रांतिवादी या दोघांनाही मान्य आहे, आणि जे दोघांनाही मान्य आहे त्यावरून दोघांतला वाद निकालात निघत नाही. चित्रफितीने वडाची साल पिंपळाला लावली आहे.

अशा चुका आपल्या लोकांनी पूर्वी केल्या आहेत आणि काहींनी प्रामाणिकपणे सुधारल्याही आहेत. टेक्सासमधील पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनोसॉरच्या पावलांशेजारी मनुष्याची पावले उमटली आहेत, हा दावा अमेरिकेतील निर्मितिवाद्यांनी अनेक वर्षे केला, त्यावर चित्रपटही काढला. परंतु ती ‘मानवी’ पावले म्हणजे डायनोसॉरच्याच पावलांचे ठसे असल्याचे दिसू लागल्यावर, १९८६ साली त्यांच्यातीलच जॉन मॉरिस यांनी हा पुरावा यापुढे वापरू नये असे जाहीरपणे लिहिले आणि चित्रपट मागे घेण्यात आला. त्याच टेक्सासमधील लंडन या गावाजवळ मिळालेला, दगडात अडकलेला हातोडा मात्र अजून चित्रफितींमधून फिरतो आहे. तो एकोणिसाव्या शतकातील साध्या घडणीचा हातोडा असून, चुनखडीमिश्रित पाणी झिरपून त्याच्याभोवती गोळा घट्ट होण्यास कोट्यवधी वर्षे लागत नाहीत. आपल्या घरातील नळाच्या तोटीवर साचणारा पांढरा थर पाहिला तरी हे ध्यानात येईल.

मुलांना प्राचीन कौशल्याविषयी सांगायचेच असेल, तर हिज्कीया राजाचे भुयार सांगा. बायबलच्या दुसरे राजे या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात त्याचा उल्लेख आहे, आणि यरुशलेमात आजही त्यातून गुडघाभर पाण्यातून चालत जाता येते. सुमारे ५३३ मीटर लांबीचे हे वाकडेतिकडे भुयार दोन टोळ्यांनी दोन्ही टोकांकडून खोदत आणले. १८८० साली त्याच्या भिंतीवर एक इब्री शिलालेख सापडला, तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. काही हात अंतर उरले असता पलीकडच्या माणसांच्या हाका ऐकू येऊ लागल्या, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी झऱ्यापासून तळ्याकडे वाहू लागले, असे त्यात लिहिले आहे. शास्त्रवचन, भुयार आणि खोदणाऱ्यांची साक्ष अशा तिन्ही गोष्टी येथे एकत्र मिळतात.

प्रश्न : उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात तुबल-काइन याचा उल्लेख तांब्याची व लोखंडाची हत्यारे घडवणारा असा आहे. आदामापासून काही पिढ्यांतच माणूस धातुकाम करू लागला, याचा अर्थ जलप्रलयापूर्वी फार मोठे उद्योग होते असा घ्यावा काय? (शिक्षिका, भायखळा)

उत्तर : बाई, वचन जेवढे सांगते तेवढेच घ्यावे, असे मला वाटते. त्या अध्यायात आदामाचा मुलगा, भावाचा खून करणारा काइन नगर बांधतो, याबाल तंबूत राहून गुरे पाळणाऱ्यांचा मूळ पुरुष होतो, युबालाकडे वीणा व पावा यांचे वादन येते आणि तुबल-काइनाकडे धातूचे काम. म्हणजे शेती, नगर, संगीत आणि लोहारकाम ही माणसाच्या आरंभीच्या कथेत आहेत. पुढे सहाव्या अध्यायात जलप्रलयातून वाचण्यासाठी नोहाने बांधलेल्या तारवाचे, म्हणजे जहाजाचे, माप ३०० हात लांब, ५० हात रुंद व ३० हात उंच असे दिले आहे. हात सुमारे ४५ सेंटिमीटरचा धरला तर ते १३५ मीटर लांबीचे भरते. बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीत भाजलेल्या विटा आणि चुन्याऐवजी डांबर येते, आणि हा तपशील त्या भूमीशी तंतोतंत जुळतो, कारण फरात नदीच्या सपाट गाळाच्या प्रदेशात बांधकामाचा दगड दुर्मीळ, तर डांबर जमिनीतून आपोआप पाझरणारे. मात्र यांपैकी कोठेही वीज, इंजिन किंवा उडणारे यान नाही. ते आपण आपल्या पदरचे घालतो.

इतिहासाचा क्रमही ठाऊक असावा. तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते, लोखंड १,५३८ अंशांना. म्हणून साध्या भात्याच्या भट्टीत तांबे ओतता येते, पण लोखंड मऊ गोळ्याच्या रूपात निघते आणि ऐरणीवर ठोकून ठोकून त्यातील मळ काढावा लागतो. लोखंड गाळण्याची कला तांब्याच्या पुष्कळ मागून सर्वत्र रुळली. त्याआधीच्या लोखंडी वस्तू बहुधा आकाशातून पडलेल्या उल्केच्या लोखंडाच्या आढळतात. इजिप्तच्या तुतनखामन राजाचा खंजीर तसाच असल्याचे २०१६ मध्ये तपासणीत दिसून आले.

आणखी एक गोष्ट, जी या चर्चेत सहसा कोणी काढत नाही. ही सगळी कारागिरी काइनाच्या वंशात सांगितली आहे, आणि तुबल-काइनाच्या उल्लेखानंतर लगेच त्याचा बाप लामेख आपल्या बायकांपुढे सूडाची फुशारकी मारतो. हत्यार चांगले झाले म्हणून ते धरणारा चांगला झाला, असे उत्पत्तीचा लेखक सुचवत नाही. उलट निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात बसालेल या कारागिराला देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले, असे आहे. कौशल्य दोन्हीकडे जाऊ शकते.

प्रश्न : माझे महाविद्यालयातील मित्र विमानविद्या आपल्या पूर्वजांना ठाऊक होती असे म्हणतात आणि गिरगाव चौपाटीवरील उड्डाणाचा दाखला देतात. मी ख्रिस्ती असल्याने त्यांना हसलो, तर ते म्हणाले, तुमचे तारू तरी कोणी पाहिले? काय उत्तर द्यावे? (विद्यार्थी, विलेपार्ले)

उत्तर : प्रथम, हसू नये. शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईतील खरोखरचे अभ्यासू गृहस्थ होते आणि विमान बनवण्याचा त्यांचा ध्यास खोटा नव्हता. परंतु १८९५ साली चौपाटीवर त्यांचे यान उडाल्याची जी कथा सांगितली जाते, तिला विश्वासार्ह समकालीन पुरावा उपलब्ध नाही. ज्या वैमानिक शास्त्र या ग्रंथाचा आधार दिला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली केली. ग्रंथाची भाषा व इतिहास पाहता तो १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील यानांच्या रचना उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा देशभर वाद झाला तो याच कारणाने.

आता तुमच्या मित्राचा प्रतिप्रश्न. तो रास्त आहे. तारवाचे लाकूड कोणी सिद्ध केलेले नाही. अरारात पर्वतावर ते मिळाल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात आणि विरतात. तारू ही माझ्या विश्वासाची गोष्ट आहे, प्रयोगशाळेतली नव्हे, असे सरळ सांगावे. मग दोघांनी मिळून मोहेंजोदडोच्या स्नानगृहाविषयी बोलावे. त्या कुंडातून पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर दिला आहे आणि विटांची प्रमाणे १ : २ : ४ अशी ठरलेली आहेत. किंवा राजस्थानातील झावर येथे वळा. जस्त ९०७ अंशांना उकळून वाफ होऊन निसटते, म्हणून ते गाळणे अवघड. तेथील कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या ठेवून ती वाफ खाली थंड भांड्यात उतरवली. भारतीय धातुविद्येचा हा खरा पराक्रम आहे आणि त्यासाठी कोणालाही विमानात बसवावे लागत नाही.

प्रश्न : एवढे ज्ञान होते तर ते नष्ट कसे झाले? ग्रीक लोकांचा ‘संगणक’ आणि दिल्लीचा लोहस्तंभ पाहता मानवाची अधोगती होत गेली, असे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाच्या आधारे म्हणता येणार नाही काय? (सेवानिवृत्त वाचक, बोरिवली)

उत्तर : ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ साली वर काढलेले ते यंत्र माझ्या विशेष आवडीचे आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातील या काशाच्या यंत्राची ३० दंतचक्रे उरली असून, सूर्य-चंद्राच्या गती दाखवण्यासाठी १९ वर्षे म्हणजे २३५ चांद्रमास हे चक्र आणि ग्रहणांसाठी २२३ चांद्रमासांचे चक्र त्यात बसवले आहे. २२३ दातांचे एक चाकही त्यात आहे. ही संख्या अविभाज्य आहे. वर्तुळ अर्धे, त्याचे अर्धे असे करत ती कधीच येणार नाही. टूलरूममध्ये आम्हाला असे चाक कापायचे झाल्यास डिव्हायडिंग हेड, म्हणजे वर्तुळाचे समान भाग पाडणारे उपकरण, घेऊनही घाम फुटे, आणि त्या ग्रीक कारागिराने ते आखून कानशीने घासून केले. त्याचे दात त्रिकोणी आहेत, त्यामुळे चाके अडखळत फिरत असतील. आजच्या गियरचा वळणदार दात त्याला ठाऊक नव्हता. मी त्याच्यापुढे टोपी काढतो आणि त्याच वेळी तो माझ्यासारखाच कानशीवर काम करणारा माणूस होता, हेही ओळखतो.

असे ज्ञान बुडते ते बुद्धी कमी झाल्यामुळे नव्हे. ते थोड्या घरांत, थोड्या हातांत असते. गिऱ्हाईक गेले, शिष्य मिळाला नाही, युद्ध आले की संपते. पहिल्या शमुवेलाच्या १३ व्या अध्यायात याचे उत्तम उदाहरण आहे: इस्राएलात लोहार उरू नये म्हणून पलिष्ट्यांनी बंदोबस्त केला आणि लोकांना नांगराचे फाळ पाजवायलाही शत्रूकडे जावे लागले. इस्राएल लोक तेव्हा मंदबुद्धी झाले होते असे कोणी म्हणत नाही. गिरणगावात ज्यांनी बंद गिरण्यांचे जॉबर, म्हणजे मुकादम, पाहिले, त्यांना याचा वेगळा दाखला नको.

लोहस्तंभाचे गूढ मात्र उरलेले नाही. सुमारे ७ मीटर उंचीचा व ६ टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ गुप्तकाळातील आहे. कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की, कोळशाच्या भट्टीत चुनखडी न घातल्यामुळे लोखंडात फॉस्फरस अधिक राहिला आणि त्याने पृष्ठभागावर संरक्षक थर तयार होण्यास मदत केली. त्या लोहारांना फॉस्फरस हा शब्द माहीत नव्हता, पण कोणते लोखंड टिकते हे अनुभवाने माहीत असावे.

तिसऱ्या अध्यायातील आदाम-हव्वेचे पतन हे आज्ञाभंगाचे आहे. त्याचा संबंध दंतचक्रांच्या संख्येशी जोडू नये.

प्रश्न : माझ्या जुन्या बायबलात समासात जलप्रलयाचे वर्ष इ. स. पू. २३४८ छापले आहे. पिरॅमिड त्याआधीचे सांगतात. मग ते पाण्यात बुडले कसे नाहीत? (वाचक, वसई)

उत्तर : ती वर्षे पवित्र शास्त्राची नव्हेत. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात वंशावळींची बेरीज करून निर्मितीचे वर्ष इ. स. पू. ४००४ असे काढले आणि पुढे छापणाऱ्यांनी त्यांची वर्षे समासात घातली. जुन्या कराराच्या सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरातील वंशावळींमध्ये वयाचे आकडे मोठे असल्याने पूर्वेकडील मंडळींनी निर्मितीचे वर्ष इ. स. पू. ५५०९ धरले, म्हणजे शास्त्राच्या दोन प्रतींतच दीड हजार वर्षांचा फरक पडतो. खुफूचा पिरॅमिड इ. स. पू. २६ व्या शतकाच्या सुमाराचा आहे, आणि इजिप्तच्या राजांची परंपरा २३४८ या वर्षी खंडित झालेली दिसत नाही. तुर्कस्तानातील गोबेक्ली टेपे येथील कोरीव स्तंभ तर इ. स. पू. ९५०० च्या आसपासचे असून, पृथ्वीचे वय भूवैज्ञानिक सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगतात. पृथ्वी अवघ्या सहा हजार वर्षांची आहे, असे मानणारे बंधू आपल्या मंडळीत आहेत. मी त्यांच्यासोबत प्रभुभोजन घेतो, पण समासातील आकडा मी पेन्सिलीने खोडला आहे.

प्रश्न : मुलांना मुंबईजवळ प्रत्यक्ष काय दाखवता येईल? (शब्बाथ शाळेच्या शिक्षिका, अंधेरी)

उत्तर : कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बसाल्टमध्ये खोदलेली शंभराहून अधिक लेणी आहेत आणि शिलालेखांत कल्याण, सोपारा येथील दात्यांची नावे आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात काही खांब नक्षीदार, तर काही नुसतेच अष्टकोनी सोडलेले दिसतील. मुलांना दोन्ही शेजारी उभे करून पाहू द्या, म्हणजे काम कोठपर्यंत आले होते हे त्यांचे त्यांनाच सांगता येईल. कमी उजेडात मोबाइलचा दिवा भिंतीला लागून आडवा धरला की छिन्नीचे तिरपे घाव उठून दिसतात. सोमवारी लेणी बंद असतात. शक्य असल्यास पावसाळ्यात, सरी थांबल्यावर न्यावे, कारण तेव्हा खडकात कोरलेल्या बारीक पन्हळींतून पाणी लेण्यांच्या दारातल्या टाक्यांत उतरताना दिसते. फक्त शेवाळ्यामुळे पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून दर पाच मुलांमागे एक मोठे माणूस ठेवावे.